सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी आंबोलीच्या मुख्य धबधब्यापाशी उभं राहून गाड्यांच्या नंबरप्लेट वाचाव्यात. केए बावीस म्हणजे बेळगाव, एमएच नऊ म्हणजे कोल्हापूर, जीए म्हणजे अर्थात गोवा, आणि मधेमधे आपले एमएच बारा नि चौदा. एमएच सात, म्हणजे सिंधुदुर्गची गाडी, मात्र शोधावी लागते. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे गाव चार महिने चार शहरांची बाल्कनी झालेलं असतं.

आता या गर्दीचा हिशोब मांडून बघा. पेट्रोल भरलं शहरात. दारू आणि चिप्स घेतले शहरात किंवा गोव्यात. मुक्काम केलाच तर हॉटेलचा मालक बहुधा बाहेरचा. गावात काय खर्च झालं? एक कणीस, दोन प्लेट भजी, चहा. माणशी शंभर-दीडशे रुपये, हा आपला माझा अंदाज. उलट गावाच्या वाट्याला काय येतं? बाटल्या, प्लास्टिक आणि घाटातला ट्रॅफिक जॅम. कावळेसादच्या दरीत कुणी पडलं (२०१७ साली दोन तरुण दारूच्या नशेत कठड्यापलीकडे गेले, तो व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आला असेल) तर दोर घेऊन खाली उतरतात ती इथलीच मुलं.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "मग लोकल लोकांनी होमस्टे काढावेत ना! कोकणी माणसाला धंदाच करायला नको." हे वाक्य मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला उत्तर द्यावंसं वाटतं. म्हणून हा लेख.

एका भजीवाल्या काकांना मी हाच प्रश्न जरा सभ्य भाषेत विचारला होता. काकानू, दोन खोल्या का बांधत नाही? कढईतली नजर न काढता ते म्हणाले, "बांधतलंय, पण कोणाच्या जमनीत? आमच्या आज्यान कसली, नाव मातर सरकाराचा. बँक लोन देतली काय?"

हे काय प्रकरण आहे ते शहरातल्या फार कमी लोकांना माहीत असतं. सावंतवाडी संस्थानच्या काळापासून आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांत जमिनीची एक वेगळी पद्धत होती, तिचं नाव कबुलायतदार गावकर. गावाच्या वतीने गावकरांनी संस्थानला कबुलायत लिहून द्यायची, की एवढा सारा आम्ही भरू. आणि त्या बदल्यात जमीन गावाने सामाईक ठेवून कसायची. अमुक गट नंबर अमक्याचा, अशी कागदोपत्री वाटणी नाही. कोण कुठला तुकडा कसतो हे गावाला तोंडपाठ. संस्थान गेलं, देश स्वतंत्र झाला, लोक भात-नाचणी लावत राहिले. आणि १९९९ साली सातबाऱ्यावर या जमिनींच्या मालकाच्या जागी 'महाराष्ट्र शासन' अशी नोंद झाली. पुढे काही क्षेत्रावर वनाच्या नोंदीही आल्या.

आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन डेटाबेसवर कुणीतरी अपडेट क्वेरी चालवली आणि व्हेअर लिहायचं राहिलं. ओनर या रकान्यात सगळीकडे एकच नाव. युजर तेच, वापर तोच, पण सिस्टिमच्या दृष्टीने तुम्ही गेस्ट! फरक एवढाच की आपण रात्रीत बॅकअप रिस्टोअर करतो, आणि इथे पंचवीस वर्षं उलटून गेली.

सातबारा नाही म्हणजे काय काय नाही, हे शहरात फ्लॅट घेतलेल्या माणसाला चटकन कळत नाही. जमीन तारण ठेवून कर्ज नाही. बांधकामाची परवानगी मागायला गेलात तर पहिला कागद तोच मागतात. फळबागेचं अनुदान हवं तर सातबारा. २०१९ साली केंद्राने शेतकऱ्यांना वर्षाला सहा हजार रुपये द्यायची पीएम-किसान योजना आणली, तीही जमिनीच्या नोंदीवर. म्हणजे शेतात उभा असलेला माणूस शेतकरी नाही, आणि ज्याच्या नावावर कुठेतरी एकर-दीड एकर आहे तो पुण्यात बसून शेतकरी. शिवाय अशा गावात ज्या थोड्या जमिनींचे कागद स्वच्छ असतील त्यांनाच सोन्याचा भाव येणार, आणि तो भाव परवडणार बाहेरच्यालाच, हे साधं बाजाराचं गणित आहे. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ झाला, २०२३ च्या जानेवारीत मोपाहून विमानं उडायला लागली. त्यानंतर या सगळ्या पट्ट्याकडे कोणत्या नजरेने बघितलं जातंय हे जमिनीच्या जाहिरातींवरून कळतंच.

आता जरा लांब जाऊ या, नायजेरियात. हसू नका, संबंध आहे :)

एका प्रोजेक्टमुळे काही महिने लागोसच्या लोकांशी माझं रोज बोलणं व्हायचं. लागोस म्हणजे पश्चिम आफ्रिकेची मुंबई. १९९१ पर्यंत देशाची राजधानी, आणि राजधानी अबुजाला गेल्यावरही वाढतच राहिलेलं अवाढव्य शहर. तिथल्या याबा भागात आपल्यासारखेच इंजिनियर बसतात. पेस्टॅक ही तिथली पेमेंटची कंपनी २०२० मध्ये स्ट्राइप या अमेरिकी कंपनीने वीस कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतली. आणि याच याबाला लागून, खाडीच्या पाण्यावर, खांबांवर उभी असलेली मच्छीमारांची वस्ती आहे, मकोको. लोक होडीतून फिरतात, बायका मासे धुरावर सुकवतात. एकोणिसाव्या शतकापासूनचं हे कोळीवाड्यासारखं गाव. लागोस बेटावर जाणारा जवळजवळ बारा किलोमीटरचा थर्ड मेनलँड ब्रिज त्याच्या शेजारून जातो. म्हणजे टेकवाल्या पोरांना कॅबच्या खिडकीतून रोज मकोको दिसतं, जसं आपल्याला वांद्र्याच्या खाडीशेजारून जाताना धारावी.

२०१२ च्या जुलैमध्ये मकोकोच्या लोकांना बहात्तर तासांची नोटीस मिळाली आणि वस्तीचा एक भाग पाडला गेला. २०१६-१७ मध्ये ओतोदो ग्बामे नावाच्या दुसऱ्या मच्छीमार वस्तीतून सुमारे ३० हजार माणसं हुसकावली गेली. आणि त्याच शहरात समुद्रात भराव टाकून एको अटलांटिक नावाची श्रीमंतांची नवी नगरी उभी राहते आहे. पाण्यावर पिढ्यान् पिढ्या राहणारा अतिक्रमक, आणि पाणी बुजवून जमीन करणारा डेव्हलपर.

यामागे एक कायदा आहे आणि तो वाचताना मला आंबोली आठवली. १९७८ च्या लँड यूज ॲक्टने नायजेरियातल्या प्रत्येक राज्यातली जमीन त्या राज्याच्या गव्हर्नरच्या ताब्यात दिली. तुम्हाला मिळतं ते फक्त वहिवाटीचं सर्टिफिकेट, आणि ते मिळवणं हा पैशाचा नि ओळखीचा खेळ. तिथे 'गव्हर्नर', इथे 'महाराष्ट्र शासन'. आंबोलीत कुणी बुलडोझर आणला नाही, ही तुलना ताणायची नाही मला. पण शहराचा पैसा दारात येऊन उभा राहिला की ज्याचं नाव कागदावर आहे त्याच्याकडे तो वळतो, आणि ज्याचं नाही त्याच्या हातात कढई राहते. लागोस असो नाहीतर सावंतवाडी तालुका.

मग उपाय काय, प्रत्येकाला सातबारा द्या, झालं? पेरूच्या हर्नांडो दे सोटो या अर्थतज्ज्ञाचं २००० सालचं 'द मिस्टरी ऑफ कॅपिटल' हे पुस्तक हेच सांगतं. गरिबांकडे मालमत्ता असते, पण कागद नसल्याने ते मृत भांडवल असतं, कागद द्या म्हणजे ते जिवंत होईल. युक्तिवाद मोहात पाडणारा आहे. पण कोकणातल्या माणसाने यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. कागद मिळाला की जमीन तारण ठेवता येते तशी विकताही येते. मुलीचं लग्न, आजारपण, मुलाचं इंजिनियरिंग (आमच्या फिया कुठून येतात ते कधी विचारलंय?), आणि दारात उभा असलेला एजंट. वेंगुर्ल्यापासून दोडामार्गापर्यंत विकलेल्या जमिनीवर राखणदार म्हणून राहणारा जुना मालक दाखवायला फार फिरावं लागत नाही. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी असा कायदा महाराष्ट्रात आहेच, पण शहरातल्या पैसेवाल्याला 'शेतकरी' व्हायला किती वेळ लागतो, हे काय मी सांगायला हवं? हिमाचलने १९७२ च्या कायद्यात बाहेरच्या माणसाला शेतजमीन घ्यायची तर सरकारची परवानगी सक्तीची केली. आपण तेवढंही केलेलं नाही.

आणि कोकणी माणूस एकदा यातून गेलाय. ज्या गिरण्यांसाठी आमच्या आजोबांच्या पिढीने गाव सोडलं, त्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या. कापडापेक्षा जमीन महाग झाली. लोअर परळला आज जिथे काचेची ऑफिसं आहेत (वाचणाऱ्यांपैकी काहीजण तिथेच बसत असतील) तिथे घाम गाळलेल्याचं नाव जमिनीवर नव्हतं. त्यामुळे जमिनीची किंमत वाढली तेव्हा ती त्याच्यासाठी वाढलीच नाही.

पण उलट बाजूचंही एक उदाहरण आहे, आणि तेही आयटीवाल्यांच्या पायाखालचं. हिंजवडीत एमआयडीसीने जमीन संपादित केली, पैसे एकदा हातात पडले आणि संपले. हडपसरला मगरपट्ट्यात वेगळं घडलं. साधारण चारशे एकर, सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबं, बरीचशी मगर आडनावाची. पुणं अंगावर येतंय हे त्यांना दिसत होतं. सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर. २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. शहर आलं ते त्यांच्या कंपनीत आलं. मगरपट्टा काही स्वर्ग नव्हे. शेअर मिळाले ते जमीनमालकाला, त्या शेतांत मजुरी करणाऱ्याला नाही. तरी विकून मोकळं होणं आणि सरकारने घेऊन टाकणं याशिवाय तिसरा रस्ता असतो, एवढं त्याने दाखवलं.

आता तारखा बघा. जमीन सामाईक आणि हिस्से ठरलेले, ही मगरपट्ट्याची कल्पना साधारण २००० साली प्रत्यक्षात आली आणि तिचं कौतुक जगभर झालं. आंबोलीत ती संस्थानकाळापासून चालू होती. ती १९९९ साली कागदावरून पुसली गेली. च्यायला, याला काय म्हणायचं!

अलीकडच्या वर्षांत सरकारने या तिन्ही गावांच्या जमिनी लोकांना वाटून देण्याच्या दिशेने पावलं टाकली आहेत. ते व्हायलाच हवं. पण माझं मत असं की घर, परसू आणि कसती शेती एवढीच नावानिशी वाटावी. सडे, देवराया, कावळेसादसारखे कडे, धबधब्याच्या आजूबाजूची जागा ही गावाच्या सामाईक संस्थेकडे राहावी, तिथलं पार्किंग, राहण्याची सोय, प्रवेश शुल्क सगळं त्या संस्थेने चालवावं आणि नफा हिश्शाने वाटावा. बाहेरच्याला जागा हवी असेल तर ठरावीक वर्षांच्या भाड्याने, विकत नाही. जंगलाचं काय, असं पर्यावरणवाले विचारतील आणि ते बरोबरच विचारतील. इथली शिस्टुरा हिरण्यकेशी ही मासळी २०२० साली जगाला पहिल्यांदा कळली, तीही हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडातून. ज्या गावाने ते कुंड राखलं त्याला वाटेकरी करून जंगल राखणं सोपं, की त्याला गेस्ट ठरवून?

खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. हिस्सेदारांची यादी करायची तर गावकर कोण? पन्नास वर्षांपूर्वी मुंबईला गेलेल्या आणि फक्त गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या घराचा हिस्सा धरायचा का? पूर्ण, की अर्धा? घरटी एक हिस्सा म्हटलं तर चार भावांच्या एका घराला एक आणि एकट्या भावाच्या घरालाही एकच? जे गावात राहतात, राबतात, पण गावकर घराण्यातले नाहीत, त्यांचं काय? लग्न होऊन गेलेल्या मुली, नवरा मुंबईत असताना वीस-वीस वर्षं एकटीने नाचणी लावलेल्या सुना, यांची नावं कुठल्या रकान्यात? आणि ही यादी करणार कोण, तलाठी की गावकीची बैठक? गावकीच्या बैठकीत किती बायका बसतात, ते कोकणातल्या कुणालाही विचारा.