आमच्या पिकअपचा जीर्णोद्धार

बी. ए. च्या वर्गात बसणाऱ्या मुलाच्या नखांत ग्रीस कसे काय, असा प्रश्न मला आमच्या एका सरांनी भर तासाला विचारला होता. वर्ग हसला, मीही हसलो. उत्तर द्यायचे मात्र राहून गेले. ते या वार्षिकांकाच्या निमित्ताने देत आहे.

आमच्या घरी एक जुनी पिकअप आहे. महिंद्राची ‘एफसी १५०’, नोंदणी १९६८ सालची. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. या गाडीला पुढे नाक नाही. ड्रायव्हर इंजिनाच्या मागे न बसता त्याच्या शेजारीच बसतो आणि इंजिन केबिनमध्ये, दोन आसनांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली असते. मूळ गाडी अमेरिकेतल्या विलीज कंपनीची. तिकडे ती १९५६ च्या अखेरीस निघाली आणि १९६५ मध्ये बंद झाली. त्याच १९६५ मध्ये महिंद्राने ती आपल्याकडे बनवायला घेतली. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर अवघे ८१ इंच, म्हणजे जीपएवढेच. पण नाक नसल्यामुळे तेवढ्याच चासीवर चांगला ऐसपैस हौदा बसतो. सोय आणि गैरसोय दोन्ही एकाच गोष्टीतून आल्या. वैशाखात केबिनची भट्टी होते. मधल्या झाकणावर ठेवलेली भाकरी बाजारात पोहोचेपर्यंत गरम राहायची, असे आमचे आबा अजून सांगतात.

आबांनी ही गाडी १९७४ मध्ये एका ठेकेदाराकडून जुनीच घेतली. गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे कोल्हापूरच्या बाजारात न्यायचे, येताना पेंड आणि खत आणायचे, लग्नसराईत वऱ्हाड आणि वेळप्रसंगी आजारी माणूस. पेट्रोलचा खर्च परवडेना तेव्हा १९८१ मध्ये त्यांनी मूळचे पेट्रोल इंजिन काढून एका मोडीत निघालेल्या जीपचे डिझेल इंजिन त्यात बसवले. हौद्याचा फाळका दोनदा बदलला. पुढचे पाटे जादा पान घालून जड केले. फाळक्यावर गावातल्या पेंटरकडून आजीचे नाव आणि खाली ‘पुन्हा भेटू’ असे लिहून घेतले. पुढे गुऱ्हाळ बंद पडले, तशी गाडीही गोठ्यालगतच्या छपरात उभी राहिली. तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

मी तिला हात घातला तो बारावीनंतरच्या सुट्टीत. वेळ जात नव्हता, एवढेच कारण होते. पण जुनी गाडी हे एक विलक्षण प्रकरण आहे. एक बोल्ट सोडवायला घ्यावा, तो गंजून बसलेला असतो. रात्रभर त्याला डिझेल पाजावे, सकाळी हलक्या हाताने ठोकावे, तरी हलत नाही. मग गॅसने तापवावा, तेव्हा कुठे तो एक आटा देतो. त्या एका आट्याचा आनंद परीक्षेच्या निकालाला नाही. आठ दिवसांत माझी घाई निघून गेली आणि तीन महिन्यांत मला कळले, की घाई निघून जाणे हेच या कामातले पहिले शिक्षण आहे.

या नादात मला माझ्यासारखे आणखी दहा-बारा जण भेटले. कोणाकडे जुनी जीप, कोणाकडे फार्गो ट्रकचा सांगाडा, कोणाकडे नुसताच गिअरबॉक्स आणि मोठी स्वप्ने. रविवारी सकाळी आम्ही कोणाच्या तरी अंगणात जमतो. त्यात एक बँकेतले निवृत्त अधिकारी आहेत, एक दूधवाला आहे, एक डॉक्टर आहेत. चासीखाली सगळे सारखेच आडवे होतात. मुंबईला जाणारा माणूस कुर्ल्याच्या भंगार बाजारातून इतरांसाठी सुटे भाग शोधून आणतो. जो भाग कुठेच मिळत नाही तो उद्यमनगरात घडतो. जुना झिजलेला बुश लेथवाल्याच्या हातात द्यावा. तो आधी बोटाने चाचपतो, मग मापतो, आणि झीज किती झाली असेल याचा अंदाज घेऊन मूळ माप सांगतो. झिजलेल्यावरून न झिजलेल्याचा शोध घेणे! इतिहासाच्या तासाला आम्ही दुसरे काय करतो?

आमचे मिस्त्री सत्तरीचे आहेत. स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी लावून ते आवाज ऐकतात. मी विचारले, “काय ऐकू येतंय, मामा?” ते म्हणाले, “तिसऱ्याचा टॅपेट बोलतोय. बाकीचे गप हायती.” झाकण काढून पाहिले, तर तिसऱ्याचेच अंतर वाढलेले. त्यांच्याजवळ ना वही, ना पुस्तक. ते गेले की ते ऐकणेही जाणार आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गाडी सुरू झाली, गावातून एक फेरी झाली, आजी दारात उभी राहून रडली. आणि त्यानंतरच्या रविवारी आमच्या मंडळात वाद झाला. बहुतेकांचे मत असे, की आता या गाडीचा खरा जीर्णोद्धार करावा. डिझेल इंजिन काढून मूळचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन मिळवून बसवावे. हे इंजिनही गमतीदार असते. आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये. हौदा मूळ मापाचा करावा, पाटे मूळचे करावेत, लांबी भरून, घासून कारखान्याचा रंग द्यावा. फाळक्यावरची अक्षरे अर्थातच जाणार. एका सद्गृहस्थांनी तर चांगली किंमत देऊ केली. “तुमच्याकडून हे होणार नाही, मी गाडीला न्याय देईन,” असे ते म्हणाले. रक्कम ऐकून माझे दोन दिवस अभ्यासात लक्ष लागले नाही. बहिणीची फी त्यात सहज भागली असती.

मी आबांना विचारले, “आबा, गाडी मूळ रूपात आणायची म्हणत्यात सगळे. तुम्हाला काय वाटतं?” आबा म्हणाले, “मूळ म्हंजी कवाचं रं? मी घेतली तवाचं, का तुझा बाप तिच्यावर शिकला तवाचं?”

या प्रश्नाचे उत्तर मला अजून पुरते सापडलेले नाही. पण तो प्रश्न आपल्या कायद्यालाही विचारला पाहिजे असे मला वाटते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरणास पाच हजार. ही चांगलीच गोष्ट झाली. पण गाडी मूळ रूपात हवी, तिच्या चासीत, बॉडीत, इंजिनात मोठा बदल झालेला नको, आणि तिचा रोजचा किंवा व्यापारी वापर नको. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती यांपुरतेच तिने रस्त्यावर यायचे.

म्हणजे पाहा, कोणती गाडी या व्याख्येत सहज बसते? जी बंगल्याच्या गॅरेजमध्ये कापडाखाली उभी होती ती. जिच्या मालकाला पेट्रोलचा भाव विचारावा लागला नाही ती. आमच्या पिकअपने मात्र पोटासाठी इंजिन बदलले, वजनासाठी पाटे बदलले. ती बदलली म्हणूनच जगली. आणि जगण्यासाठी बदलली हाच तिचा दोष ठरला! राजेरजवाड्यांच्या मोटारी जपाव्यात, जरूर जपाव्यात. पण गूळ, भाजी, दूध आणि माणसे वाहून ज्या गाड्यांनी हा मुलूख हलता ठेवला, त्यांच्या कष्टाच्या खुणा म्हणजे नासधूस, असे मानणारी जपणूक मला अपुरी वाटते.

माझे मंडळातले मित्र म्हणतील, की शिस्त हवी, नाहीतर जो तो काहीही जोडून ‘जुनी गाडी’ म्हणेल. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मूळपणाचे हे वेड कुठवर जाते ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपा विलीज आणि फोर्ड अशा दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक बनवल्या. फोर्डने आपल्या पुष्कळ सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठवले होते. आज जगभरचे शौकीन ते अक्षर असलेला एकेक बोल्ट शोधत हिंडतात. वस्तुतः त्या दोन्ही जीपांचे भाग एकमेकींना बसावेत अशीच योजना होती. रणांगणावरच्या मिस्त्रीने हाताला येईल तो बोल्ट बसवला आणि गाडी पुढे काढली. तेव्हा सरमिसळ झालेली जीप हीच युद्धातली खरी जीप नव्हे काय?

अमेरिकेत जुन्या पिकअपांचा शौक फार मोठा आहे. १९४७ पासूनच्या शेवरोले आणि १९४८ पासूनच्या फोर्ड ‘एफ’ मालिकेतल्या पिकअपा तिकडे घराघरांत जपल्या जातात. तिथेही हाच वाद आहे. त्या शेवरोलेच्या जुन्या सहा सिलिंडरी इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या टोकाच्या बेअरिंगवर बॅबिट धातू ओतलेला असे आणि तेल तिथवर दाबाने जात नसे. चमच्यासारखे टोक तेलात बुडे आणि उडेल तेवढे मिळे. शेताच्या रस्त्याला ते पुरत होते, आजच्या हमरस्त्याच्या वेगाला पुरत नाही. म्हणून कित्येक जण १९५३-५४ नंतरचे, दाबाने तेल पोचवणारे इंजिन बसवतात. काही जण त्यांना नावे ठेवतात. पण तिकडे आणखी एक तिसरा पंथ आहे. शेतावरची पिकअप जशी हाती आली तशीच ठेवायची. विटलेला रंग, पोचे, दारावरचे पुसट झालेले नाव, सगळे राखायचे. आतून मात्र ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग चोख करायचे. मला हा पंथ पटतो.

आपल्याला हे उमजायला अमेरिकेत जायलाही नको. आपल्या गावोगावच्या काळ्या पाषाणाच्या देवळांना जीर्णोद्धाराच्या नावाखाली आपण तैलरंग फासले. हेतू वाईट नव्हता, भक्तीच होती. पण रंगाखाली टाकीचे घाव बुजले, कोरीव रेषा बुजल्या, आणि आता तो रंग खरवडण्यासाठी नव्याने खर्च चालला आहे. जीर्णाचा उद्धार करताना जीर्णपणच पुसून टाकायचे, हा आपला जुना रोग आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. जुनी गाडी धूर जास्त सोडते. तिला सीटबेल्ट नाही, तिचे ड्रम ब्रेक भिजले की धरत नाहीत, आणि नाक नसलेल्या गाडीत टक्कर झाली तर आधी ड्रायव्हरचे गुडघे जातात. रोज शहरात धावणारी, निगा नसलेली जुनी वाहने मोडीत निघावीत, या धोरणाला माझा विरोध नाही. भावनेपोटी दुसऱ्याच्या फुप्फुसात धूर सोडण्याचा हक्क कोणालाच नाही. आमची पिकअपही कागदांची मुदत संपल्याने आता आमच्याच शेतात, बांधापासून घरापर्यंत फिरते. माझी मागणी एवढीच, की जपायच्या वस्तूंची यादी करताना कष्टाच्या वस्तूंसाठीही एक रकाना असावा. आणि त्या रकान्यात ‘काय बदलले, कोणी बदलले, का बदलले’ हे लिहायला जागा असावी.

आणि हे काम, मित्रहो, आपले आहे, कला शाखेचे आहे. इंजिन जोडायला मिस्त्री समर्थ आहेत. त्यांचे ज्ञान लिहून ठेवायला कोणीच नाही. आटे, पाना, पाटे, फाळका, हौदा, लांबी, ऐरण, घण ही कारखान्यातली मराठी आपल्या किती जणांना ठाऊक आहे? मराठी विभागाने या शब्दांचा संग्रह करावा, इतिहास विभागाने म्हाताऱ्या मिस्त्र्यांच्या मुलाखती घ्याव्यात, आणि स्नेहसंमेलनाच्या खर्चातून वाचलेल्या चार पैशांतून ग्रंथालयात जुनी दुरुस्ती-पुस्तके घ्यावीत. लेण्यांची सहल आपण दरवर्षी काढतो. एक सहल उद्यमनगरात काढली तर भाडेही फार लागणार नाही.

गाडी आम्ही विकली नाही. बहिणीच्या फीसाठी वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढले. ते फिटायला अजून दोन हप्ते आहेत, आणि सुट्टीत मी गॅरेजवर काम करून त्यातला एक भरणार आहे. डिझेल इंजिन तसेच आहे. ब्रेक नवे केले, वायरिंग नवे केले, केबिनचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला. फाळक्याला मात्र हात लावला नाही, नुसते गंज न धरेल असे तेल पुसले. आजीचे नाव अजून वाचता येते. खालच्या ‘पुन्हा भेटू’ मधला ‘भे’ तेवढा गेला आहे; तो मी पुन्हा रंगवणार नाही.

सर, माझ्या नखांतल्या ग्रीसचे उत्तर हे असे आहे.

— तृतीय वर्ष, कला (इतिहास)