अभ्यासदौरा नव्हे, सहल!



शेवटची वेचणी आटोपली, पऱ्हाट्या उपटून झाल्या, ज्वारीचा कडबा गंजीला लागला, की कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती उन्हाळ्याचे चार-सहा आठवडे उरतात. त्यात लग्नसराई आली, विहिरीचा गाळ आला, शेगाव-पंढरपूर आले. आता गावोगावच्या तरुण मंडळींच्या तोंडी एक नवाच बेत ऐकू येतो. चार मित्रांनी मिळून नाशिककडे जायचे, द्राक्षांचे मळे पाहायचे, वाईनचे कारखाने पाहायचे, जमले तर एक रात्र तिथेच मुक्काम करायचा.

पारावरची वडीलधारी मंडळी म्हणतात, "कापसाला भाव नाही आणि निघाले वाईन चाखायला!" तर काही कार्यकर्ते सुचवतात, "अभ्यासदौरा म्हणा, म्हणजे कोणी नावे ठेवणार नाही." मला पहिल्या बोलण्याचा राग येत नाही, दुसऱ्याचा येतो. सरकारी नोकराला रजा प्रवास सवलत मिळते. तो उटीहून परत आला म्हणजे काय अभ्यास करून आलास, असे त्याला कोणी विचारत नाही. मुंबईचा माणूस शनिवारी गाडी काढून नाशिकला जातो, मळ्याच्या कडेला बसतो, रविवारी घरी. शेतकऱ्याने मात्र गाव सोडायचे तर देवाचे निमित्त हवे, नाहीतर सरकारचे. बैलाला वर्षातून एकदा पोळा असतो, त्याच्या मालकाला तोही नाही. तेव्हा बेत करणाऱ्यांनी छाती पुढे काढून सांगावे, आम्ही सहलीला चाललो आहोत.

मात्र खर्च स्वतःचा करा. पुढाऱ्याच्या गाडीतून जाऊ नका आणि बियाण्या-औषधाच्या दुकानदाराच्या खर्चाने तर मुळीच नको. त्याने चारलेले जेवण जूनमध्ये पाकिटाच्या किमतीत कसे वसूल होते हे तुम्हाला मी सांगायला नको. मृगाच्या बियाण्या-खताचे पैसे आधी बाजूला काढा. त्यातून काही उरत नसेल, तर या वर्षी नाशिक राहू द्या. ते कुठे पळून जात नाही.

बेत करताना एक गोष्ट आधी समजून घ्या. उन्हाळ्यात नाशिकला वेलीवर द्राक्ष नसते. वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. कारखाने तेव्हा रात्रंदिवस चालतात आणि शहरी पाहुण्यांची झुंबडही तेव्हाच असते. जानेवारीत आपण कापूस वेचण्या-विकण्यात, पुढे रब्बी ज्वारीच्या काढणीत. आपण मोकळे होतो तोवर एप्रिलची खरड छाटणी होऊन वेल बोडके झालेले असतात. घडांनी लगडलेला मांडव पाहायच्या आशेने गेलात तर हिरमुसून परत याल.

तरी माझे मत असे की शेतकऱ्याने मे महिन्यातच जावे. पुढच्या हंगामाचा घड या उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात धरतो. खरड छाटणीनंतर फुटवा आला, त्याला ऊन आणि बेताचे पाणी मिळाले, तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर त्या डोळ्यातून घड बाहेर येतो. मेमध्ये पाणी तुटले तर ऑक्टोबरात नुसता पाला. म्हणजे नाशिकच्या बागाईतदाराचे दैव आपल्या लग्नसराईच्या दिवसांतच ठरत असते. ज्याचे सगळे दैव मृगावर टांगलेले, त्या कोरडवाहू माणसाने हे डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. गंगापूर, पालखेड, वाघाड या धरणांचे पाणी त्या मुलखाला आहे. वाघाडच्या कालव्यावर ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९०च्या दशकात स्वतःच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घेतले, शेवटच्या टोकापर्यंत नेले. वाईनच्या गावी जाणाऱ्याने वाकडी वाट करून ओझरला एक चक्कर जरूर मारावी.

पाण्याइतकीच दुसरी गोष्ट सवलतीची. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, वाईनला उत्पादन शुल्काची माफी दिली, विंचूर आणि पलूस येथे वाईनसाठी उद्याने काढली. राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाईन बाजारात आली ती २००० साली, म्हणजे धोरणाच्या जरा आधीच. पण पुढे नाशिक जिल्ह्यात कारखान्यांची जी रांग लागली ती माफीच्या आधाराने. आता कापसाचे पाहा. १९७१च्या कायद्याने १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली आणि जवळजवळ तीस वर्षे स्वतःचा कापूस राज्याबाहेर नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरला. हद्दीवर पोलीस गाड्या अडवत. ज्वारीचे तर बोलायलाच नको. धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्यांना २००७ साली सरकारने अनुदान देऊ केले, ते कारखानदारांना, ज्वारी पिकवणाऱ्याला नव्हे. आणि ज्या दारूबंदी कायद्याखाली आदिवासीच्या मोहाच्या भट्टीवर धाड पडते, त्याच कायद्याच्या राज्यात द्राक्षाच्या रसाला माफी मिळाली. माझा द्राक्षवाल्यांवर राग नाही. त्यांना मिळाले ते ठीकच झाले.

पण चकाकणारे सगळे पाहून आपली पोरे भुलू नयेत. कारखान्यात तिकीट काढले की मार्गदर्शक पोलादी टाक्या दाखवतो, पांढऱ्या वाईनचा रस कमी तपमानात का मुरवतात, लाल वाईनचा रस सालीसकट का आंबवतात ते सांगतो, मग चार-पाच प्रकार घोट-घोट चाखायला देतो. टाक्यांच्या पलीकडची गोष्ट त्याच्या तोंडून येणे नाही. वाईनचे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे. ते खाण्याच्या बाजारात चालत नाही, कारखान्याने नाकारले तर बांधावर टाकायचे. २००८ नंतर मंदी आली, वाईनचा खप पडला, टाक्या भरून राहिल्या, किती तरी कारखाने बंद पडले. वाईनच्या जातीचे वेल शेतकऱ्यांनी उपटले आणि पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. ज्यांचे करार भक्कम आणि कंपनी भक्कम, ते टिकले. म्हणून कारखाना पाहून झाला की दिंडोरी-निफाडकडे कुठेतरी रस्त्याच्या कडेला थांबा, मांडवात काम करणाऱ्याला रामराम घाला आणि विचारा. करार किती वर्षांचा? भाव गोडीवर ठरतो की वजनावर? गोडी मोजतो कोण? पैसे किती दिवसांनी? आपल्यासारखाच शेतकरी तो, तुमच्यापासून काही लपवायचा नाही. उलट चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही.

एक गंमत मात्र अनुभवून याच. बाजार समितीत आपण माल घेऊन उभे असतो आणि समोरचा मूठभर कापूस उचलून नाक मुरडतो. इथे तुम्ही खुर्चीवर बसलेले आणि समोरचा अदबीने विचारतो, "कसे वाटले?" आवडले नाही तर आवडले नाही म्हणा. जन्मभर विकणाऱ्याच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाला गिऱ्हाइकाची जागा कशी असते ते एकदा कळू द्या.

आता मायबहिणींचा प्रश्न. ज्या गावांत बायांनी मतदान करून बाटली आडवी केली, तिथे हा बेत ऐकून कपाळाला आठी पडणारच, आणि ती रास्त आहे. दारूने घरे कशी बसतात हे त्यांनी पाहिले आहे. वाईन म्हणजे दारू नव्हे असली वकिली मी करणार नाही, अल्कोहोल तिच्यातही आहेच. न पिणाऱ्याने पिऊ नये, मळा पाहायला ग्लास लागत नाही. पण माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. सहल फक्त पुरुषांची का? वेचणी बायांनी केली, निंदण त्यांनी केले, मग फिरायला मित्रमंडळ कोणते? घरच्या बायांना बरोबर न्या. एसटीत २०२३ पासून त्यांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना २०२२ पासून प्रवास मोफत. बायका बरोबर असल्या की घोट किती आणि कुठे थांबायचे, हा हिशेबही आपोआप होतो.

जायचे कसे? वऱ्हाडातून अमरावती-मुंबई एक्स्प्रेस रात्रीतून नाशिकरोडला सोडते. मराठवाड्यातून मनमाडमार्गे गाड्या आहेत. स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्ग आहे. त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी तरी एकदा त्यावरून जावे! चालवणाऱ्याने त्या दिवशी थेंबही घ्यायचा नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवा. शनिवार-रविवार टाळा, मुंबईकरांच्या गर्दीत खोल्यांचे दर चढतात. मळ्यातला मुक्काम परवडत नसेल तर पंचवटीत धर्मशाळा आहेतच.

वर्धा आणि गडचिरोलीच्या मंडळींनी बाटली घरी आणू नये, तिकडे दारूबंदी आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात निघा आणि रोहिण्या लागायच्या आत परत या, वखरणी राहिली असेल.