मांडव घालण्याआधी हे वाचा

शहागड आणि गोदावरीच्या अल्याड-पल्याडच्या गावांतले आईबाप, मामा-मावश्या, सोयरिकी जुळवणारी मंडळी आणि लग्नाला आलेल्या मुली यांच्यासाठी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. हे पत्रक माझ्या पेन्शनच्या पैशांतून छापलं आहे. त्यामागे कुठला पक्ष नाही, संस्था नाही, निवडणूक नाही.

मागच्या लग्नसराईत ओळखीच्या एका घरी बसले होते. मुलाच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा बाहेर गेल्यावर मामा दबक्या आवाजात म्हणाले, "पोरगं जरा वेगळं आहे, आपल्याला माहीतच आहे. पण दोनाचे चार हात झाले की येईल ठिकाणावर." सगळ्यांनी माना हलवल्या आणि चहा आला. मुलगी गोदावरीच्या पुलापलीकडची, बीड जिल्ह्यातली, बारावी झालेली. तिला 'वेगळं' म्हणजे काय हे कोणी सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हतं.

हेच वाक्य ३४ वर्षांपूर्वी माझ्या सासरी बोललं गेलं होतं. फरक एवढाच, की तेव्हा मी त्या खोलीत नव्हते.

आमचा संसार नऊ वर्षं चालला. माणूस भला होता. माझ्यावर हात उगारला नाही, माझा पगार मागितला नाही, आजारपणात उशाशी बसून राहिला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका रात्री त्यांनी स्वतःहून सांगितलं, की आपल्याला बायकांची ओढ वाटत नाही, कधी वाटलीच नाही. सातवी-आठवीपासून त्यांना हे कळत होतं. मग त्यांनी काय काय केलं तेही सांगितलं. वैदूची चूर्णं खाल्ली. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग' अशी जाहिरात रंगवलेल्या डॉक्टरकडे जाऊन अंगठी विकलेले पैसे दिले. सोमवार धरले. दोनदा पायी पंढरपूरला गेले आणि विठ्ठलापुढे एकच मागणं मागून आले. त्यानेही काही होईना, तेव्हा घरच्यांनी सांगितलेला शेवटचा उपाय केला. तो उपाय म्हणजे मी.

ही आवड माणूस ठरवून लावून घेतो, असं मला कोणी सांगितलं की मला ती यादी आठवते. ज्या गावात नुसतं चालणं जरा नाजूक असलं तरी पोराला 'बायल्या', 'छक्का' म्हणून शाळा सोडायला लावतात, त्या गावात हे कोण कशाला निवडेल? आणि ज्याला निवडता आलं असतं, त्याने आठवीतच दुसरं निवडून स्वतःची सुटका करून घेतली नसती का?

शिकलेली मंडळी मला विचारतात, "विज्ञान काय म्हणतं? जनुक सापडलं का?" नाही सापडलं. २०१९ मध्ये सुमारे पाच लाख माणसांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात समलिंगी ओढीचं कुठलंही एक जनुक मिळालं नाही. थोडाथोडा हातभार लावणारी अनेक जनुकं आणि इतर कारणं, असं गुंतागुंतीचं चित्र निघालं. त्यावर लगेच म्हणतात, "बघा, म्हणजे जन्मजात नाही, म्हणजे निवडच!" माझ्या वर्गात असा तर्क मांडला असता तर मी फळ्यापाशी बोलावलं असतं. मराठीचं तरी जनुक कुठे आहे? तुमचं बाळ जन्मताच लंडनला नेलं तर ते इंग्रजी बोलेल. तरीही तुम्ही मराठी कधी निवडली, कोणत्या वर्षी, कोणत्या दिवशी, ते सांगा. जी गोष्ट रक्तातून येत नाही तीही आपल्या हातातली असते असं नाही. भाषा आपल्याला कळायच्या आत आपल्यात येऊन बसते आणि मग माणूस स्वप्नंही तिच्यातच पाहतो. दुसरी शिकता येते, पण ठेच लागल्यावर तोंडून "आई गं" हेच निघतं.

आपल्या भागात मेंढरं घेऊन फिरणारी धनगर मंडळी येतात. एखादा मेंढा मेंढ्यांकडे ढुंकूनही पाहत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या मेंढ्यांच्या संशोधन केंद्रात हे मोजलं गेलं, तेव्हा शंभरातले साधारण आठ मेंढे फक्त नरांनाच पसंत करणारे निघाले. पण 'जनावरं करतात, म्हणून योग्य' असा मुद्दा मी मांडणार नाही. जनावरं पिल्लंही खातात. निसर्गात आहे एवढ्यावरून कशाचीच नीती ठरत नाही.

आणि 'बिचाऱ्यांना इलाज नाही, म्हणून माफ करा' हेही मला मान्य नाही. माफी कशाची? धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा ते कशाच्या नाइलाजाने केलं नव्हतं. विचार करून, निवडून केलं होतं. मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं. आज आपण त्यांना महर्षी म्हणतो आणि त्यांनी ते निवडलं होतं याचंच कौतुक करतो. माणूस कोणाला जीव लावतो यात जर कोणाची फसवणूक नाही, कोणावर बळजबरी नाही, दोघंही सज्ञान आहेत, तर तो जन्माने तसा आहे की मनाने, याची चौकशी गावाने करण्याचं कारणच नाही.

याच महर्षींचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत पदराला खार लावून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचक त्यांना हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न विचारत आणि ते छापील उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कोर्टात त्यांच्या बाजूने कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावरचं प्रत्येक लिखाण अश्लील नसतं, असा युक्तिवाद त्यांनी केला, हॅवलॉक एलिस या अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार दिला. खटला ते हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. हे मुंबईत घडून आता नव्वद वर्षं झाली. 'हे परदेशातलं, मोबाईलमधून आलेलं खूळ आहे' असं म्हणणाऱ्यांनी सांगावं, १९३४ मध्ये मराठी मासिकाला पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकाकडे कोणता मोबाईल होता?

परदेशातून आला तो कायदा. मेकॉलेच्या मसुद्यावरून १८६० मध्ये इंग्रजांनी केलेल्या दंडसंहितेतलं कलम ३७७. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते सज्ञान, राजीखुशीच्या संबंधांपुरतं काढलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत आणलं आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने ते तेवढ्यापुरतं पुन्हा बाजूला केलं. दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं नातं हा या देशात गुन्हा नाही. मोबाईलवर ओळख काढून, गाठून, 'घरी सांगतो' म्हणून पैसे उकळणाऱ्या टोळ्या फिरतात. त्यांच्या तावडीत सापडलेल्या पोरांनी हे लक्षात ठेवावं: गुन्हा खंडणी मागणाऱ्याचा आहे, तुमचा नाही. पोलिसांत जा.

माझं भांडण मात्र दुसऱ्या टोकाशीही आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात ३७७ ची काहीच जागा ठेवली नाही. त्यामुळे सज्ञान पुरुषावर बलात्कार झाला, तर त्यासाठी नेमकं कलम उरलेलं नाही. ही चूक आहे, ती दुरुस्त झाली पाहिजे. नीतीची रेघ मी पुसायला निघालेले नाही, ती नीट जागी ओढायला निघाले आहे. लहान मुलांना हात लावणारा माणूस कोणत्याही ओढीचा असो, त्याची जागा तुरुंगात. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. समलिंगी माणूस म्हणजे लेकरांना धोका, ही अफवा पसरवणाऱ्यांनी आपल्याच नात्यागोत्यातल्या, चार मुलांचे बाप असलेल्या माणसांकडे एकदा बघावं. शाळेत एवढी वर्षं काढल्यावर मला कोणाकोणाची नावं माहीत आहेत, ते मी इथे लिहीत नाही.

आता 'वासना' या शब्दाचं बघा. जिवंत माणसाच्या बाबतीत तो आपण शिवीसारखा वापरतो. आणि मेलेल्याच्या? आपल्या या गोदाकाठी दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवेना झाला की सगळे घाबरतात. वासना अडकली म्हणतात. मग भाऊ पुढे होतो, हात जोडून म्हणतो, "तुझ्या पोरांना सांभाळतो", लेक म्हणते, "तुझं राहिलेलं पुरं करते." मेलेल्या माणसाची इच्छा ओळखायला अख्खी भावकी तास-तासभर उन्हात उभी राहते. तोच माणूस जिता असताना त्याला काय हवं होतं, हे कोणी पाच मिनिटं बसून विचारलेलं नसतं.

असाच दहा दिवसांचा सुतकाचा काळ 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटात आहे. बाप गेलेला एक तरुण मुंबईहून गावी येतो, तिथे बालपणीचा मित्र भेटतो, आणि नातेवाईक सुतकातही त्याच्या लग्नाचा विषय सोडत नाहीत. रोहन परशुराम कानवडे यांच्या या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मिळेल तिथे पाहा. त्यातली माणसं आपल्यासारखीच बोलतात.

मुलींचं तर कोणी विचारतही नाही. विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' नाटकात मुलीवर जीव जडलेल्या मुलीचं दुःख मराठी रंगमंचावर आणलं, त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. गावात अशा मुलीला 'वेगळी' म्हणायचीही कोणी तसदी घेत नाही. तिला मन असतं असं कोणी धरतच नाही, सतराव्या वर्षीच स्थळं बघायला लागतात. पुरुषाला निदान शेतावर, ट्रकवर, पुण्याला पळून जाता येतं. ती कुठे जाणार?

आईबापांनो, तुमची भीती मला कळते. लोक काय म्हणतील, म्हातारपणी त्याला कोण पाहील, धाकटीचं लग्न कसं जमेल. या भीतीवर मी हसणार नाही. पण ती भीती दुसऱ्याच्या लेकीच्या पदरात बांधण्याचा हक्क तुम्हाला कोणी दिला? लेकराची ओढ ही तुमच्या संस्कारांची खोट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, की समाजाच्या चालीरीतींत बसत नाही एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरचं ते वागणं २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तेव्हा चूर्णं, अंगारे, शॉक, उपास यांवर पैसे घालवू नका. लेकरू खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

उपवर मुलींनो, मला जे कोणी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतलेलं लग्न रद्द करून मागता येतं. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत कोर्टात जावं लागतं, आणि कळल्यावरही राजीखुशीने संसार केला तर तो हक्क जातो. मला कळलं दुसऱ्या वर्षी. हा कायदा कळला आठव्या वर्षी. मग आम्ही दोघांनी एकत्र जाऊन संमतीने घटस्फोट घेतला. लग्नाआधी मुलाशी एकटीने बोलायला मागा. देत नसतील तर त्या घरी जाऊ नका.

सोयरीक जुळवणाऱ्यांनो, तुम्हाला माहीत असतं. बहुतेक वेळा सगळ्यात आधी तुम्हालाच माहीत असतं. मोसंबीचं रोप विकतानासुद्धा नर्सरीवाला खुंट कोणता ते सांगतो. तुम्ही माणसं देता-घेता.

दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्न करण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारला. तो मिळायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर तरी त्यांना एका छपराखाली सुखाने राहू द्या. आणि ज्याला एकटं राहायचं आहे त्याला एकटं राहू द्या.

पत्रक छापायला देण्याआधी मी ते माझ्या पूर्वीच्या यजमानांना वाचून दाखवलं. ते आता छत्रपती संभाजीनगरला राहतात, दिवाळीला फोन करतात. मी एका ठिकाणी लिहिलं होतं, की आमच्या लग्नात त्यांचा काहीच दोष नव्हता. ते त्यांनी मला खोडायला लावलं. म्हणाले, "बाई, ओढ माझ्या हातात नव्हती. पण अंतरपाट दूर झाला तेव्हा हार माझ्या हातात होता, आणि मी तो तुमच्या गळ्यात घातला. तेवढं छापा."