समुद्राची मर्यादा आणि आपली

पावसाळा आला की कोकणातील किनाऱ्यावरची गावे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी करतात. ज्याच्या माडांची मुळे लाटांनी उघडी पाडली, त्याला संयमाचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? परंतु दगडी बंधाऱ्यावर आपटणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते आणि बंधारा संपतो तेथे शेजारच्या गावाची धूप वाढविते. १९९० ते २०१८ या काळात देशाचा सुमारे एकतृतीयांश किनारा झिजला. किनाऱ्याला वाळू पुरविणाऱ्या खाड्या उपसावयाच्या आणि समुद्रात दगड ओतावयाचे, हा कोणता हिशेब? घरे वाचविण्यासाठी बंधारा अपरिहार्य असेल तेथे तो अवश्य बांधावा. अन्यत्र पुळण आणि तिला धरून ठेवणारी मर्यादवेल राखावी. समुद्राला मर्यादा शिकविण्यापूर्वी शासनाने वाळूच्या उपशाला ती घालावी.