चित्र पाहिले, चितारी कोण?

मांजरसुंब्याला चार वाटा फुटतात. एक बीडला, दुसरी चौसाळ्याकडे, तिसरी नेकनूर-केजला आणि चौथी पाटोदा-जामखेडवरून थेट नगरला. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या मुलखात होते, नगर इंग्रजांच्या. आज ज्यांची ओळख करून द्यायची, त्यांचे बालपण या दोन मुलखांत वाटले गेले. १९११ साली जन्मले नगरला, वाढले हैदराबादेत, चित्रकार काका रामकृष्ण देऊसकर यांच्याजवळ. नाव गोपाळ देऊसकर.

“हे कोण बुवा?” असे विचारणाऱ्या वाचकांनीही त्यांचे काम पाहिले असण्याचा संभव आहे! पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातील नारायणरावांची दोन चित्रे, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले, देऊसकरांच्याच हातची. दिल्लीला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात १९५६ साली लागलेले लोकमान्यांचे तैलचित्रही त्यांचेच.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते शिकले. कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन या चित्रकाराच्या कारकिर्दीचा तो काळ. सॉलोमनसाहेब १९३६ पर्यंत शाळेचे प्रमुख होते. समोर माणूस बसवून हुबेहूब रेखाटण्यावर त्यांचा भर. पुढे निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर देऊसकर विलायतेला गेले.

पण समोर माणूसच नसेल तर? लोकमान्य गेले १९२० साली; देऊसकर तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचे. बालगंधर्व १९६७ साली गेले आणि रंगमंदिर उघडले २६ जून १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनी. शिवाय रुक्मिणी-भामिनीचे ते तारुण्य तर कधीच मावळले होते. छायाचित्रात नाकडोळे सापडतात; पण मान किती कलली म्हणजे ते बालगंधर्व, नजर किती रोखली म्हणजे ते टिळक, हे चित्रकाराने स्वतःच ठरवावे लागते. नुसत्या नकलेपेक्षा हे काम अवघड, आणि जोखमीचेही. कारण पुढच्या पिढ्यांना तोच चेहरा खरा वाटणार!

१९९४ साली देऊसकर गेले. चेहरे राहिले, करणाऱ्याचे नाव पुसट झाले.

दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावर आजोबा-पणजोबांचे एखादे तैलचित्र सापडले, तर काच पुसाच. पण खालच्या कोपऱ्याकडेही जरा निरखून पाहा. तिथे कदाचित एक सही असेल. ती मोठ्याने वाचा. मुलांना ऐकू द्या.