शेरवानीचं दुपटं

मला आजवर मिळालेल्या शालींची मोजदाद परवा सुनेनं केली. बावीस निघाल्या. निवृत्त मास्तरचा सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. श्रीफळ दुसऱ्या दिवशी चटणीत जातं, गुच्छ चार दिवसांत वाळतो, शाल तेवढी कपाटात ठाण मांडते. बावीसपैकी नऊ शालींच्या खोक्यावर ‘हिमरू’ असं छापलंय. त्यातली एकही हिमरू नाही. सगळ्या यंत्रमागाच्या, कृत्रिम धाग्याच्या, आणि इतक्या पातळ की डिसेंबरात पहाटे आमच्या शहरातल्या आमखास मैदानावर पांघरून जावं तर दात वाजतील. सून म्हणाली, “बाबा, यांचं करायचं तरी काय?” मला उत्तर सुचलं नाही.

त्याच कपाटात खालच्या कप्प्यात हातभर लांबीचा एक तुकडा घडी करून ठेवलेला आहे. तो खरा हिमरू.

वडील निजामाच्या अमलात तहसिलीत पेशकार होते. लग्नात त्यांना हिमरूची शेरवानी शिवली. पेशकाराला न परवडणारी गोष्ट. आजोबांनी त्यापायी उसनवारी केली, असं आत्या सांगायची. शेरवानी ऊब द्यायची, पण उबेसाठी ती कोण घालत होतं? चार मोठ्या माणसांत आपली उठबस आहे, हे ती न बोलता सांगायची. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि ती जे सांगत होती ते ऐकायला कुणी उरलं नाही. रझाकारांचे दिवस पाहिलेल्या गावात ती घालून बाहेर पडणं वडिलांनाच नकोसं झालं. शेरवानी पेटीत गेली.

सात वर्षांनी माझा जन्म झाला तेव्हा आईनं ती उसवली आणि माझ्यासाठी दुपटं शिवलं. माझ्यानंतर धाकट्या बहिणीनं त्यात पाय झाडले. हिमरूत नक्षीचे रेशमी धागे उलट्या बाजूला सुटे धावतात. त्यांचा तिथे एक मऊ थरच होतो आणि ऊबही त्यानेच येते. आईनं आतून मलमलीचं अस्तर लावलं होतं, तरी ते विरल्यावर आमच्या पायाची बोटं त्या धाग्यांत अडकायची आणि आम्ही रडून घर डोक्यावर घ्यायचो. पुढे दुपटं फाटलं. धड राहिलेला तुकडा आईनं गौरी-गणपतीत पाटावर अंथरायला काढला. तेव्हापासून त्याला सोवळं आलं, त्यावर कुणी पाय द्यायचा नाही.

गेल्या पावसाळ्यात तो तुकडा घेऊन मी नवाबपुऱ्यात एका म्हाताऱ्या विणकराकडे गेलो. चाचांनी सुलट बाजू पाहिलीच नाही. तुकडा उलटा केला, सुट्या धाग्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “मास्टर, ये दो आदमी का काम है.” एक जण खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचा, दुसरा वरून जाळ्याच्या दोऱ्या ओढून नक्षीचे धागे उचलून द्यायचा. बदामाची एक बुट्टी उठवायला दोघांचं लक्ष एकाच ओळीवर लागायचं. आता दोऱ्या ओढणारा दुसरा माणूस मिळत नाही, ही त्यांची तक्रार. सुलट बाजूची नक्कल कुणीही करील, असंही ते म्हणाले.

नक्कल हा शब्द हिमरूला चिकटलेलाच आहे. महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेला हलवली, तेव्हा दिल्लीकडचे विणकर इकडे आले, अशी परंपरा सांगतात. सोन्या-चांदीच्या जरीचा किनखाब राजेरजवाड्यांसाठी. त्याच्यासारखं दिसणारं, पण सुतारेशमाचं कापड बाकीच्यांसाठी. हिमरू या नावाचा अर्थही ‘सारखं दिसणारं’ असाच लावतात. मश्रू हे त्याचं भावंड. पुरुषांनी शुद्ध रेशीम अंगाला लावू नये अशी धर्माज्ञा, म्हणून त्यात अंगाकडे सूत आणि वर रेशीम; मश्रू म्हणजे धर्माला चालणारं. मग यंत्रमागाच्या शालीवर मी कोणत्या तोंडानं रागावतो, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण हिमरूवाल्यांनी किनखाबाची नक्कल करताना जरीचं वजन काढलं, कापड हलकं, उबदार, शिवता येईल असं केलं. खोक्यातल्या शालीनं फक्त नाव उचललं.

नक्षी नुसती वरवरची असते असंही मला वाटत नाही. दौलताबादच्या किल्ल्यावरची ती भली थोरली तोप आठवा. तिच्यावर तिचं नाव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, असं कोरलंय. औरंगजेबाचंही नाव आहे. पण मागच्या टोकाला ओतकाऱ्यानं मेंढ्याचं डोकं बसवलं आणि लोकांनी तिला मेंढा तोप करून टाकलं. बादशहाच्या नावापेक्षा ओतकाऱ्याची हौस जास्त टिकली.

आमचीच पैठणी बघा. तिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’नं ती वर्षानुवर्षं घरोघरच्या वहिनींना जिंकायला लावली. मिरवण्याचंच वस्त्र ते, पण नवरी ते अंगावर घालते, पदर सावरते, त्यावर वरणाचा डाग पडतो. हिमरूचं मात्र शेरवानी गेली तसं गिऱ्हाईक गेलं आणि त्याचं नाव सत्कार समित्यांच्या हाती लागलं. या शहरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या खांद्यावर आपण ‘हिमरू’ टाकतो. पाहुणा फोटोपुरता पांघरतो आणि मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवतो. परंपरा जपल्याचं समाधान आपल्याला.

माझं म्हणणं एवढंच, की संस्थांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी वर्षाला पन्नास नकली शाली वाटण्यापेक्षा पाचच सत्कार करावेत आणि मागावरचं जाकिटापुरतं कापड द्यावं. शिलाईसुद्धा द्यावी, नाहीतर तेही कपाटात जाईल. पाच सत्कारांत ज्यांचा नंबर लागणार नाही ते रुसतील. रुसू देत, त्यात मीही असेन.

चाचांकडे मी जाकिटाचं कापड सांगून आलोय, बदामाच्या बुट्टीचं. पैसे विचारल्यावर मी गप्प झालो, ते पाहून त्यांनी चहा मागवला. सुनेनं दरम्यान दोन शाली कूलरवर टाकल्यात. कापड दिवाळीपर्यंत मिळेल म्हणतात. पुढच्या सत्काराला जाकीट घालूनच जाईन. वरून शाल पांघरतीलच, त्याला काही इलाज नाही.