पंचांचा निर्णय अंतिम राहील



भात घरात येईल, झोडणी आटोपेल, तुळशीचे लग्न लागेल आणि राजापूर तालुक्यातली मैदाने पुन्हा जागी होतील. ओणी, पाचलपासून नाटे, आडिवऱ्यापर्यंत मंडळांच्या बैठका बसतील. चषकासाठी देणगीदार शोधले जातील, मग पत्रक छापायला जाईल. त्या पत्रकाच्या तळाशी, प्रवेश फी आणि बक्षिसांच्या रकमांखाली, एक ओळ न चुकता असते : 'पंचांचा निर्णय अंतिम राहील.' वर्षानुवर्षे आपण ती छापतो. मैदानावर मात्र पहिला वादग्रस्त गुण पडला की तीच ओळ सर्वांत आधी तुडवली जाते. यंदा तसे होऊ नये म्हणून हे आवाहन.

2 फेब्रुवारी 2025 चा अहिल्यानगरचा प्रसंग आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला आहे. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या लढतीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर होते. पंचांनी राक्षेला चितपट ठरवले. खांदे टेकलेच नाहीत, चित्रीकरण पाहा, असे त्याचे म्हणणे होते. बोलणे वाढले, त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड गुणावरून चिडून मैदान सोडून गेला आणि त्यानेही पंचांशी हुज्जत घातली. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. त्याआधी 2023 मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत एका 'टांग' डावाला चार गुण दिले म्हणून पंचाला फोनवरून धमकी आली आणि प्रकरण पोलिसांत गेले.

निर्णय बरोबर की चूक यावर लोक अजून वाद घालतात. घालू देत. निर्णय साफ चुकला होता असे धरून चालू; तरी लाथेने खांदा टेकतो किंवा उठतो का? चुकीच्या निकालावर दाद मागायची जागा ठरलेली असते. ती अपुरी असेल तर ती वाढवण्यासाठी भांडा. पंचाची कॉलर ही ती जागा नव्हे.

अहिल्यानगरला निदान पोलीस होते, कॅमेरे होते, बंदी घालणारी संघटना होती. आपल्या वाडीच्या मैदानावर यातले काय असते? 2 एप्रिल 2023 रोजी ओडिशात कटकजवळच्या एका गावात शेजारच्या दोन गावांचा क्रिकेट सामना सुरू होता. आपल्याकडे मे महिन्यात होतो तसाच. एका 'नो बॉल'वरून वाद झाला आणि पंचाचे काम करणाऱ्या 22 वर्षांच्या तरुणाला भोसकून मारले. एका चेंडूसाठी. नेदरलँड्समध्ये डिसेंबर 2012 मध्ये रिचर्ड न्यूवेनहाउझेन हा 41 वर्षांचा बाप मुलांच्या फुटबॉल सामन्यात हौसेने रेषापंच म्हणून उभा होता. सामना संपल्यावर प्रतिस्पर्धी संघातल्या पोरांनी त्याला लाथाबुक्क्यांनी मारले. दुसऱ्या दिवशी तो गेला. पुढच्या शनिवार-रविवारी त्या देशाने हौशी फुटबॉलचे सगळे सामने रद्द केले. आपल्या तालुक्यात असे काही घडल्यावरच आपण एक दिवस खेळ थांबवणार आहोत का?

आता एक कबुली. खेळत होतो त्या काळात एका उपांत्य सामन्यात मी स्वतः पंचाच्या अंगावर धावून गेलो होतो. हात उचलला नाही, पण छातीला छाती भिडवली. मागून पन्नास जण 'सोडू नको' म्हणून ओरडत होते. सामना संपल्यावर ते गृहस्थ आपल्या मोटारसायकलला किक मारताना दिसले. पाय थरथरत होता, गाडी तीनदा बंद पडली. कोणी त्यांच्याजवळ गेले नाही, मीही नाही. ते पुन्हा आमच्या मैदानावर आले नाहीत. पुढच्या वर्षी पंच मिळता मिळेना, तेव्हा दोष आम्ही पंचांच्या 'नखऱ्यां'ना दिला.

पंचाचे काम किती अवघड असते, ते एकदा त्याच्या जागी उभे राहून पाहा. कबड्डीचा सामना, रात्रीचे अकरा वाजलेत, हॅलोजनभोवती किडे घोंघावताहेत, धूळ उडाली आहे, गुणफलक बरोबरीत आहे आणि शेवटची चढाई सुरू आहे. कोपऱ्यातल्या खेळाडूने चढाईपटूचा घोटा धरला, तो आडवा होऊन मध्यरेषेकडे झेपावला. बोटे रेषेला लागली की चार अंगुळे अलीकडे राहिली? तोवर दम टिकून होता का? पकड करणाऱ्याचा पाय त्याआधीच बाहेर गेला होता का? झटापट होण्याआधीच कोणी लॉबीत उतरले होते का? हे सगळे एका श्वासात बघायचे आणि त्याच श्वासात शिट्टी वाजवायची. आपण तोच क्षण नंतर चहा पिताना मोबाइलवर सात वेळा मागेपुढे करून बघतो आणि म्हणतो, 'दिसत नव्हतं काय ओ पंचांना?' त्यांना तो एकदाच दिसला, तोही एकाच बाजूने.

हा माणूस असतो तरी कोण? कुठल्याशा शाळेतला शिक्षक, जुना खेळाडू, दुकान लवकर बंद करून आलेला कोणी. पेट्रोलपाणी, वडापाव आणि एक छोटे पाकीट एवढ्यावर तो रात्र काढतो. सामने लांबले तर पहाटे एकटाच घाटरस्त्याने घरी जातो. त्याला जिंकायचे नसते आणि हरायचेही नसते. मैदानावर निकालाची पर्वा न करता उभा असलेला तो एकटाच. कबड्डीत तर मुख्य पंचाला आपण 'सरपंच' म्हणतो. पाचामुखी परमेश्वर मानणारी आपली गावे. बैठकीत पाच माणसांनी शब्द दिला की पिढ्यान्‌पिढ्या तो मोडत नाही. मग शिट्टी गळ्यात आल्याबरोबर त्या पाचांतला परमेश्वर कुठे जातो?

भांडणे का होतात हेही आपल्याला ठाऊक आहे. बक्षिसे वाढली. संघात भाड्याचे खेळाडू आले. वाडीची इज्जत चषकाला बांधली गेली. सामने मोबाइलवर थेट दिसू लागले आणि मुंबईत बसलेला भाऊ फोनवरून पेटवू लागला. मैदानामागच्या काळोखात बाटल्या फुटतात, त्याकडे मंडळ काणाडोळा करते. कित्येकदा तर पंचच यजमान वाडीतला असतो, मग संशय आधीपासूनच कोपऱ्यात बसलेला असतो. यातले एकही कारण असे नाही, जे आपल्याला बैठकीत बसून दूर करता येणार नाही.

म्हणून ही विनंती, ज्याची त्याला.

मंडळांनी पंच परीक्षा उत्तीर्ण आणि खेळणाऱ्या वाड्यांबाहेरचे पंच बोलवावेत. त्यांचे मानधन अंतिम सामन्याआधी हातात द्यावे. निकाल न आवडलेल्या माणसाच्या तोंडून 'पाकीट कसलं मागतोस' हे ऐकण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये. मैदानाभोवती दोरी बांधा आणि दोरीच्या आत खेळाडू, पंच आणि गुणलेखक यांच्याखेरीज कोणी नको. पंच घरी पोचेपर्यंत त्यांची जबाबदारी मंडळाची. दोन कार्यकर्ते सोबत जाऊ देत. मोठा सामना असेल तर पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा.

कर्णधारांनी एक गोष्ट करावी : पंचांशी फक्त कर्णधाराने बोलायचे. फुटबॉलमध्ये हा नियम आता जगभर रुजू लागला आहे. इंग्लंडच्या हौशी फुटबॉलमध्ये पंचाशी हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटे बाहेर बसवतात. आपल्या कबड्डीत तर हिरवे, पिवळे, लाल कार्ड आहेच. पिवळ्याला दोन मिनिटे बाहेर. पंचाने कार्ड काढले तर मंडळाने त्याच्या पाठीशी उभे राहायला हवे. हरकत असेल तर ती लेखी, सामना संपल्यावर, स्पर्धा समितीकडे द्यायची.

माइक हातात असलेल्या समालोचकाने पंचांच्या निर्णयावर शेरा मारू नये. तुमच्या एका 'अरेरे, हे काय दिलं!'ने दोरी तुटते.

पालकांनो, प्रेक्षकांनो, दोरीला टेकून मातीत बसलेली शाळकरी पोरे सामना बघतात आणि तुमचे तोंडही बघतात. आईबहिणीवरून शिवी घालून न्याय मागायचा असतो, हे त्यांना तुम्हीच शिकवता. आपल्या संघाचा माणूस धावून जाताना दिसला, तर त्याला सर्वांत आधी आपल्याच माणसांनी धरावे. समोरच्या वाडीतल्यांनी धरले तर मारामारी होते. आपल्यांनी धरले तर तो थांबतो.

चाकरमानी आणि देणगीदारांनो, चषकावर तुमच्या आईवडिलांचे नाव असते. पंचावर हात टाकणाऱ्या संघाला तो चषक मिळणार नाही, ही अट देणगी देतानाच घाला. तुमचा शब्द गावात चालतो.

पंच मंडळींनाही हात जोडून सांगणे : खूण स्पष्ट करा, निर्णय ओरड्याने बदलू नका, ओळखीच्या संघाच्या सामन्यात उभे राहू नका. आणि मार खाल्लात तर गप्प बसू नका.

कारण गप्प बसवणे हीच आपली जुनी सवय. 'गावातलंच आहे, मिटवून टाका,' असे म्हणत आपण कितीतरी गोष्टींवर माती लोटली आहे. पंचाला मारणे हा खेळाचा भाग नसून सरळ गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 115 प्रमाणे साधी दुखापत केली तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाड मोडले, दात पडला, तर ती गंभीर दुखापत. कलम 117 प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद. धमकी हाही वेगळा गुन्हा आहे. नोकरीच्या, पोलीस भरतीच्या तयारीला लागलेल्या पोरांनी हे लक्षात ठेवावे : चषक कपाटात धूळ खातो, गुन्ह्याची नोंद मात्र चारित्र्य पडताळणीपर्यंत मागे येते. मैदानावर मारामारी सुरू झालीच तर चित्रीकरण करत उभे राहू नका, 112 ला फोन करा.

खेळ बंद पडावेत असे कोणालाच वाटत नाही. पण शिट्टी हातात घ्यायला माणूसच उरला नाही, तर चौदा जण मैदानात उतरतील ते कुस्तीला की कबड्डीला हे कोण ठरवणार?

तेव्हा पत्रक छापखान्यात जाण्याआधीच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या. तळाशी 'पंचांचा निर्णय अंतिम राहील' ही ओळ राहू द्या आणि तिच्याखाली आणखी एक छापा : 'पंचांना शिवीगाळ किंवा मारहाण करणाऱ्या खेळाडूचा किंवा समर्थकाचा संघ स्पर्धेतून बाद होईल.' आणि ती वेळ आलीच, तर बाद होणारा संघ आपल्याच वाडीचा असला तरी ती ओळ पाळा.